सुट्टीत मनालीला काय करावे, आणि कोणत्या क्रमाने?



वार्षिक परीक्षा संपली की वर्गातल्या एखाद्या तरी घरी "यंदा मनाली" असं ठरलेलं असतं. मग यादी तयार होते : बर्फ, पॅराग्लायडिंग, राफ्टिंग, हिडिंबा मंदिर, रोहतांग. यादीत चूक काहीच नाही. गडबड होते ती क्रमात. मनालीत कोणती गोष्ट कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी करायची, हे तिथला भूगोल ठरवतो. तो भूगोल तुम्ही पुस्तकात शिकलाच आहात, फक्त तिथे तो अंगावर येतो. म्हणून आजच्या पाठात आपण मनालीची सहल थोडी समजून-उमजून करूया.

आधी उंची बघा

मनाली हे हिमाचल प्रदेशातल्या कुल्लू जिल्ह्यातलं, बियास (व्यास) नदीच्या काठचं गाव. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे २,०५० मीटर. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई आहे १,६४६ मीटरचं. म्हणजे मनालीच्या बाजारात भुट्टा खात उभे असता, तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर वर असता! आणि रोहतांग खिंड आहे ३,९७८ मीटरवर. मनालीहून जेमतेम ५० किलोमीटर. गाडी दोन-तीन तासांत तुम्हाला जवळजवळ दोन हजार मीटर वर नेऊन ठेवते.

आता यात अडचण कुठे येते? हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे साधारण २१ टक्केच असतं, पण वर जाऊ तसा हवेचा दाब कमी होतो. रोहतांगला तो समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्क्यांच्या आसपास येतो. प्रत्येक श्वासाबरोबर आत येणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. शरीर याला सरावतं, पण त्याला वेळ लागतो. मुंबई-पुण्याहून निघालेला माणूस रात्रभर बसमध्ये बसून मनालीला पोहोचतो आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे रोहतांगला निघतो. झोप झालेली नाही, पोटात घाटाची मळमळ, आणि वर बर्फात पळापळी. मग डोकं ठणकतं, उलटी होते, चक्कर येते, आणि घरचे म्हणतात, "थंडी लागली." ती नुसती थंडी नसते, तो उंचीचा त्रास असतो. त्यावरचा खरा उपाय म्हणजे खाली उतरणं. गोळी घेऊन, कापूर हुंगून तिथेच थांबणं नव्हे. डोकेदुखी वाढत गेली, बोलणं किंवा चालणं अडखळायला लागलं, बसल्या जागी धाप लागली, तर फोटो राहू द्या, गाडी खाली वळवा.

म्हणून रोहतांग तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी ठेवा. तिथे जाणाऱ्या वाहनांची रोजची संख्या ठरवून दिलेली आहे आणि आधी परवाना काढावा लागतो, तेव्हा तारीख निवडताना हा विचार करता येतोच. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं हे सूत्र आठवतंय ना? मनालीत १८ अंश असतील तर खिंडीत किती, हे गाडीत बसून काढा. वाऱ्याचा बोचरा गारवा त्यात धरलेला नाही. रस्त्याकडेला नंबर घातलेल्या दुकानांत भाड्याने कोट आणि गमबूट मिळतात. बूट घालून चार पावलं चालून बघा, मगच घ्या. सैल बुटात बर्फ शिरला की मजा संपली.

मग पहिले दोन दिवस काय करायचं?

चालायचं. खरं तर मनाली चालूनच कळते. ढुंगरीच्या देवदार वनातलं हिडिंबा देवीचं मंदिर १५५३ साली राजा बहादूर सिंह यांनी बांधलं. लाकडाचं, एकावर एक चढत जाणाऱ्या छपरांचं. महाभारतातली भीमाची हिडिंबा इथे देवी म्हणून पुजली जाते, आणि जवळच घटोत्कचाचंही स्थान आहे. पलीकडे वसिष्ठ गावात गरम पाण्याचे झरे आहेत. तिथून पायवाटेने जोगिनी धबधब्यापर्यंत जाता येतं. हा चढ जमला, रात्री झोप नीट लागली, तर समजा शरीर रुळतंय.

नग्गर मात्र चुकवू नका. मनालीहून वीसेक किलोमीटर. कुल्लूच्या राजांची ही जुनी राजधानी. तिथल्या गढीच्या भिंती नीट पाहा : एक थर दगडाचा, एक थर देवदारच्या तुळयांचा, मध्ये चुना-सिमेंट नाही. या पद्धतीला 'काठकुणी' म्हणतात. भूकंपात अशी भिंत थोडी हलते, पण एकदम ढासळत नाही. १९०५च्या कांगडा भूकंपातही ही गढी उभी राहिली. रशियन चित्रकार निकोलस रोरिक याच गावात राहिले आणि १९४७ साली इथेच वारले. त्यांच्या घरात हिमालयाची चित्रं लावली आहेत. आधी खिडकीबाहेरचे डोंगर बघायचे, मग चित्रातले!

भूक लागली की सिड्डू मागा. गव्हाचं पीठ आंबवून, आत अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून वाफवतात आणि वर तूप घालतात. आपल्या उकडीच्या मोदकाचा लांबचा भाऊच म्हणा.

बोगद्यातून पलीकडे

मला विचाराल तर मनालीतला सर्वांत भारी 'साहसी खेळ' तिकिटाचा नाहीच. तो म्हणजे अटल बोगदा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो सुरू झाला, लांबी ९.०२ किलोमीटर, उंची तीन हजार मीटरच्या वर. दक्षिणेच्या तोंडाशी हिरवीगार झाडी असते. दहा-पंधरा मिनिटांनी उत्तरेच्या तोंडातून बाहेर पडलात की समोर लाहौलचे उघडे, तपकिरी डोंगर! मधली पीर पंजाल रांग मोसमी वाऱ्यांना अडवते. कुल्लूकडे पाऊस पडतो, लाहौलकडे फारसा पोहोचत नाही. ओळखीचं वाटतंय? महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका दुष्काळी, तोच हा पर्जन्यछायेचा प्रदेश. फक्त इथे तो तुम्हाला बोगद्याच्या दोन तोंडांशी दिसतो.

आकाशात आणि पाण्यात

पॅराग्लायडिंग सोलंग खोऱ्यात होतं, आणि कुल्लूच्या बाजूला डोभीलाही. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, हवा वर उठते, दुपारनंतर दरीतला वारा जोर धरतो. म्हणून सकाळची वेळ नवख्याला बरी. वैमानिकाची पर्यटन विभागाकडे नोंदणी आहे का ते विचारा. दोन्ही मांड्यांचे पट्टे बांधले का, हेल्मेटचा पट्टा आवळला का, हे स्वतः हात लावून बघा. उड्डाणाच्या वेळी तो "भागो" म्हणाला की पाय उचलू नका, सांगेपर्यंत पळत राहा. अर्ध्यात बसलं की पडायची भीती. आणि "आज हवा ठीक नहीं" म्हणून परत पाठवणारा वैमानिक भेटला तर त्याच्यावर चिडू नका. पैसे बुडवून तो तुमचा जीव सांभाळतोय. १५ जुलै ते १५ सप्टेंबर या पावसाळी काळात हिमाचलात पॅराग्लायडिंग आणि राफ्टिंग दोन्ही बंद असतात. तेव्हा कोणी "हो जायेगा" म्हणालं तर सरळ पाठ फिरवा.

राफ्टिंग कुल्लूजवळ पिरडीहून सुरू होतं. पाण्यात पडलात तर पाठीवर या, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेने आणि बोटं पाण्यावर. उभं राहायचा प्रयत्न नको, पाय दगडात अडकतो.

पण गंमत अशी की जाकीट घालून राफ्टमध्ये बसलेल्यापेक्षा काठावर सेल्फी काढणाऱ्याला बियास जास्त धोक्याची. हे पाणी बर्फाचं. त्यात पडताच श्वास अडकतो, हातपाय ऐकेनासे होतात. दिवसभर ऊन पडलं की वरचा बर्फ वितळून दुपारनंतर पातळी वाढते, डोक्यावर ढगाचा ठिपका नसतानाही. शिवाय धरणातून पाणी सोडलं की नदी काही मिनिटांत बदलते. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात थलौटजवळ हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी मनालीला जाता जाता नदीत फोटो काढायला उतरले होते. वर लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं. २४ विद्यार्थी वाहून गेले. त्यांच्यातलं कोणीही साहसी खेळ खेळत नव्हतं. दगडांवर उभे होते, एवढंच.

म्हणून घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा : फोटो पुलावरून. नदीपात्रातल्या दगडांवर कोणीच उतरायचं नाही, "दोनच मिनिटं" म्हणूनसुद्धा नाही. भोंगा वाजला की चप्पल-पिशवी उचलत बसायचं नाही, आधी वर चढायचं.

थोडं मोठं झाल्यावर

बर्फावर घसरायचं खरं शिक्षण हवं असेल तर ते जानेवारी-फेब्रुवारीत, सोलंगला. मे महिन्यात पायाला पट्ट्या बांधून कोणीतरी ओढत नेतो, ते स्कीइंग नव्हे. मनालीतच सरकारी पर्वतारोहण संस्था आहे, १९६१ पासूनची. तिथे गिर्यारोहणाचे आणि स्कीइंगचे रीतसर वर्ग चालतात. वयाची अट असते, वैद्यकीय दाखला लागतो. त्याची तयारी इथूनच सुरू करता येते. पुढच्या रविवारी कळसूबाईला जा, पाठीवर पाच किलोची पिशवी घ्या आणि वर पोहोचल्यावर नाडीचे ठोके मोजून वहीत लिहून ठेवा. मनालीत पहिल्या सकाळी, अंथरुणातून उठायच्या आधी, पुन्हा मोजा. आकडे मला नक्की पाठवा, वर्गात फळ्यावर तक्ता करू.