तोंड ठेवायचं की काढायचं?

मागच्या आठवड्यात आपण पोटाच्या कातडीवर थांबलो होतो: छेद आडवा की उभा. टाके दिसतात म्हणून बोलणंही टाक्यांवरच होतं. खरा फरक मात्र आत, पिशवीच्या तोंडापाशी पडतो.

‘पिशवी काढली’ म्हणताना किती काढली, हे कुणी विचारत नाही. वरचा भाग काढून गर्भाशयमुख जागेवर ठेवलं तर ती सबटोटल. मुखासकट काढली तर टोटल. मुखाच्या दोन्ही अंगांना, जेमतेम दोन सेंटिमीटरवरून, मूत्रपिंडाकडून येणारी मूत्रवाहिनी जाते, आणि तीही गर्भाशयाच्या धमनीच्या खालून. शिकाऊ डॉक्टर हे ‘पुलाखालचं पाणी’ म्हणून पाठ करतात. धमनीवरचा चिमटा निसटला, रक्तात काही दिसेना आणि घाईत दुसरा चिमटा मारला, की ही बारीक नळी त्यात सापडू शकते. सबटोटलमध्ये इतक्या खोल उतरावंच लागत नाही.

मुख काढलं की योनिमार्ग पोटात उघडतो, आणि जंतूंना वाट मिळते. प्रतिजैविकं नसलेल्या काळात तेच मरणाचं कारण ठरे, म्हणून सर्जन मुख ठेवूनच थांबत. 1929 मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड रिचर्डसन यांनी टोटलची रीत मांडली. पुढे पेनिसिलिन आलं, रक्त मिळू लागलं; शिवाय मागे ठेवलेल्या मुखाला कॅन्सर होण्याची धास्ती होतीच. टोटल ही रूढी बनली.

मधली वाटही आहे. मुखाभोवतीचं आवरण जागेवर ठेवून आतलं मुख तेवढं सोडवायचं, शेंगेचं टरफल ठेवून दाणा काढावा तसं. मूत्रवाहिनी आवरणाबाहेर सुरक्षित राहते. कॅन्सर असेल तर मात्र ही वाट बंद.

मुख ठेवलं तर लघवीवरचा ताबा आणि शरीरसुख टिकतं, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. लंडनमध्ये 279 स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी करून ते तपासलं. 2002 मध्ये निष्कर्ष छापून आले. लघवी, शौच, संबंध, कशातच फरक नव्हता. सबटोटलला वेळ कमी लागला, रक्त कमी गेलं. पण त्यातल्या साधारण सात टक्के जणींना दर महिन्याला थोडं रक्त जातच राहिलं. पाळीला कंटाळून पिशवी काढलेल्या बाईला हे ऐकवणार कसं?

माझा कल टोटलकडे आहे. राहिलेल्या मुखाची पॅप स्मिअर तपासणी चालू ठेवावी लागते, आणि आपल्याकडे पिशवी गेली की तपासणीही गेली, असाच समज आहे. पण आधीच्या सिझेरियनमुळे मूत्राशय मुखाला घट्ट चिकटलं असेल, तर हट्ट सोडून मुख ठेवणारा सर्जन मला शहाणा वाटतो.

घरात कुणाची पिशवी काढली असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा. ‘टीएएच’ लिहिलं असेल तर त्यातला ‘टी’ टोटलचा. त्यापुढे ‘बीएसओ’ असेल तर अंडाशयंही गेली आहेत; त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.