हायस्कुलाच्या उंबरठ्यावर

वार्षिक परीक्षा आटोपल्या कीं घरोघरीं शिकवणीची चर्चा सुरू होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्राथमिक टप्पा पाचवीपर्यंत धरला असला, तरी महाराष्ट्रांतील पुष्कळ हायस्कुलांचे वर्ग पाचवीपासूनच भरतात. दहा वर्षांच्या मुलास गणित झेपेल ना, ही आईबापांची चिंता.

आमच्या मतें खरी अडचण निराळी आहे. प्राथमिक शाळेंत बहुधा एकच गुरुजी सर्व विषय शिकवितात. भागाकार कळला नाहीं, हें ते चेहऱ्यावरून ओळखतात. पुढें तासागणिक शिक्षक बदलतात. तेथें मुलाला स्वतः उठून 'समजलें नाहीं' असें म्हणावें लागतें. जें म्हणत नाहीं, तें दिवाळीपर्यंत मागें पडतें, आणि घरीं कळतें तें प्रगतिपुस्तक आल्यावर! प्रश्नोपनिषदांतील सहा जिज्ञासूंस पिप्पलादांनीं आधीं वर्षभर जवळ राहावयास सांगितलें, मग प्रश्न विचारा म्हणाले. एवढी सवड आतां कोठली?

म्हणून मे महिन्यांतच मुलास वाण्याकडे, वाचनालयांत धाडावें; भाव त्यानेंच विचारावा, पुस्तक त्यानेंच मागावें. जूनमध्यें वेळापत्रक पाहून दप्तरही त्यानेंच भरावें. एखादी वही राहिली तर राहूं द्यावी. सायंकाळीं गुणांची चौकशी न करतां, आज कोणत्या तासाला काय विचारलेंस, एवढेंच पुसावें.