वार्धक्यातील त्वचा, ऊन आणि बाकुची

वृद्ध रुग्णाच्या त्वचेचा विचार करताना आपले लक्ष बहुधा रूक्षता, कंडू आणि वली यांवरच केंद्रित होते. आतपसेवन हा हेतू आपण ग्रंथांत शिकलो; परंतु ‘दिवसाचे किती तास उन्हात असता?’ हा साधा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात? आम्हीही तो विचारत नव्हतो. एका प्रसंगाने तो विचारावयास शिकवले.

काही वर्षांपूर्वी ऐन वैशाखात सुमारे 68 वर्षांचे एक शेतकरी गृहस्थ आमच्या चिकित्सालयात आले. हातांच्या बाहेरील बाजूस व नडग्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके होते. घरी नातीच्या लग्नाची बोलणी चाललेली. कोडाच्या शंकेने सारे कुटुंब धास्तावलेले. आम्ही श्वित्र समजून बाह्योपचारार्थ बाकुची तैल दिले आणि ‘थोडे कोवळे ऊन घ्या’ एवढेच सांगितले. गृहस्थ तेल लावून दिवसभर मळ्यात राबले. तिसऱ्या दिवशी ते परतले, तेव्हा दोन्ही हातांवर तीव्र दाह, शोथ आणि मोठे फोड होते. व्रण भरण्यास तीन आठवडे लागले. काळे डाग कित्येक महिने राहिले.

चूक दुहेरी होती

पहिली चूक निदानाची. ते कोड नव्हतेच. उतारवयात, उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांवर असे लहान, स्पष्ट कडांचे, एकमेकांत न मिसळणारे ठिपके पुष्कळांना येतात. आधुनिक वैद्यक त्यांस इडिओपॅथिक गटेट हायपोमेलॅनोसिस म्हणते. ते निरुपद्रवी असतात. रुग्णास धीर देणे, हीच तेथे मुख्य चिकित्सा.

दुसरी चूक द्रव्ययोजनेची. बाकुचीतील सोरालेन हे घटकद्रव्य त्वचेला अतिनील ‘अ’ किरणांप्रति संवेदनशील करते. श्वित्रातील तिची उपयुक्तता याच गुणावर आधारलेली आहे आणि अपायही याच गुणातून संभवतो. हे किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. प्रतिक्रिया बहुधा एक ते तीन दिवसांनी प्रकट होते. त्यामुळे रुग्णास तेलाचा संशयही येत नाही.

वृद्धांचे वैशिष्ट्य

वार्धक्यात वातप्राबल्याने त्वचा रूक्ष व तनु होते, व्रणरोपण मंदावते. त्यात अनेक वृद्ध रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड, क्वचित अमायोडॅरोन किंवा डॉक्सिसायक्लिन घेत असतात. ही औषधेही उन्हाची बाधा वाढवितात. म्हणून गोळ्यांची पाकिटे पाहावीत. मात्र औषध परस्पर बंद करावयास सांगू नये. संबंधित डॉक्टरांशी बोलावे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात छत्रधारणाचा उपदेश केला आहे, तो आजही तितकाच ग्राह्य आहे. गांधी टोपीने डोके झाकले जाते. कान, मान व गाल उघडेच राहतात. त्यावर उपरणे घ्यावे, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा, दुपारी अकरा ते चार शेतकाम टाळावे. अभ्यंग स्नानापूर्वी करावा. तेल हा उन्हापासून संरक्षणाचा पर्याय नव्हे. सनस्क्रीन परवडत असल्यास दोन्ही अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे, एसपीएफ 30 वा अधिक असलेले घ्यावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

एक इशारा अत्यंत महत्त्वाचा आहे. चेहरा, कान, ओठ अथवा हातावरील जो व्रण महिनाभरात भरत नाही, वारंवार रक्त देतो वा कडांनी वाढतो, त्यावर लेप बदलत बसू नये. कर्करोगाची शक्यता ध्यानी घेऊन बायॉप्सीसाठी रुग्णास त्वरित पाठवावे. सावळ्या त्वचेत हा रोग कमी आढळतो, परंतु आढळतो.

औषधी दुकानदारांना विनंती

बाकुची तैल मागणाऱ्या ग्राहकास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : कशासाठी हवे? कोणी सांगितले? लावून उन्हात जाणार काय? वैद्याची चिठ्ठी नसल्यास तेल देऊ नये. एका बाटलीचा नफा तो किती!

ते गृहस्थ आजही आमच्याकडे येतात, कानांवरून उपरणे घेऊन. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या केसपेपरवर ‘उन्हातील तास’ ही एक ओळ असते. आपणही ती लिहावी, एवढीच विनंती.