खंजिरीच्या ठेक्यावर काळीज

आठ-दहा माणसांनी मिळून एखादी ओळ संथ लयीत गायली, की त्यांच्या हृदयांचे ठोके बरोबरीने वाढतात आणि बरोबरीनेच मंदावतात. ऐकायला कवीची अतिशयोक्ती वाटते, पण ही यंत्रावर नोंदलेली गोष्ट आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या ब्यॉर्न विकहॉफ यांनी अठरा वर्षांच्या मुलामुलींना एकत्र गायला लावलं, त्यांचे ठोके मोजले आणि 2013 साली निष्कर्ष छापले. नुसतं गुणगुणणं, चर्चमधलं भजन आणि संथ मंत्र असे तीन प्रकार त्यांनी करून पाहिले. गाण्याची घडण जितकी ठाशीव, तितके ठोके जुळून येत होते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत हा प्रयोग दिवेलागणीला होतो, फक्त कुणाच्या छातीला तारा लावलेल्या नसतात. श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते. सतरंजीवर ओळीने बसलेल्यांत निवृत्त गुरुजी असतात, एसटीतून सुटलेले कंडक्टर असतात आणि ज्यांना निवृत्ती म्हणजे काय हेच ठाऊक नाही असे शेतकरी आजोबाही असतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. सर्व धर्मांच्या माणसांनी एकत्र बसून करायची ही प्रार्थना आणि खंजिरी भजन तिथून विदर्भाच्या गावागावांत पोचलं. ही खंजिरी घेऊन महाराज 1955 साली जपानच्या विश्वधर्म परिषदेलाही जाऊन आले होते.

ती खंजिरी जरा हातात घेऊन बघा. लाकडाचं गोल कडं, एका बाजूने ताणलेलं चामडं (हल्ली बऱ्याचदा फायबरचा पडदा), कड्याला पाडलेल्या खाचांत पितळी चकत्या. एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. थाप चामड्यावर पडते, त्याच क्षणी चकत्या झणकारतात. म्हणजे एकटा माणूस ताल आणि झांज दोन्ही सांभाळतो. बुवा एक ओळ म्हणतात, मागचे ती उचलतात. ज्याला गळा नाही तो टाळी धरतो. कुणीच नुसता श्रोता राहत नाही.

आता ठोके जुळतात कसे ते पाहू. श्वास आत घेतला की हृदयाची गती किंचित वाढते, बाहेर सोडला की कमी होते. मेंदूपासून हृदयापर्यंत येणारी व्हेगस नावाची नस हा लगाम सांभाळते. एरवी प्रत्येकाचा श्वास आपापल्या चालीने चालतो. गाताना मात्र ओळ संपल्याशिवाय श्वास घेता येत नाही. ओळ सगळ्यांची एकच, म्हणून श्वास घेण्याची जागाही एकच, आणि हृदय बिचारं श्वासाच्या मागे जातं.

इटलीतल्या लुचानो बर्नार्दी यांनी 2001 साली आणखी गमतीची गोष्ट दाखवली. 23 निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली जपमाळ म्हणायला लावली आणि एकदा मंत्र. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. आपण शांत बसलेले असतो तेव्हाही तो साधारण बारा ते सोळा असतो. या संथ श्वासाने रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा जास्त सजग होते, असं त्यांना आढळलं. शेकडो वर्षांपूर्वी कुणी या ओळींची लांबी ठरवली असेल, त्याच्याकडे घड्याळही नव्हतं!

पण मग ज्याला भजनाची आवड नाही, त्या पेन्शनराने काय करायचं? याचं उत्तर इंग्लंडमधून आलं. रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी प्रौढांच्या शिकवणी वर्गांवर सात महिने लक्ष ठेवलं. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. 2015 साली निष्कर्ष आले. सुरुवातीला गाणाऱ्यांची आपसात गट्टी फार लवकर जमली. सात महिन्यांच्या शेवटी मात्र हस्तकला आणि लेखन करणारेही एकमेकांच्या तितकेच जवळ आले होते. गाण्याने ओळख लवकर होते, एवढंच. पुढचं काम नेमाने भेटण्याचं.

म्हणून यवतमाळ, पुसद, वणीसारख्या गावांतला ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालयात पेपरवर चालणारी चर्चा, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जायच्या आत फिरून येणारं टोळकं, बुद्धिबळाचा पट, हे सगळं त्याच जातीचं औषध आहे. हास्य क्लब ही तर आपल्याच राज्याने जगाला दिलेली भेट. डॉ. मदन कटारिया यांनी 1995 साली मुंबईच्या एका बागेत पाच माणसांना घेऊन तो सुरू केला. निवृत्तांसाठी फ्रान्समधल्या तुलूझ शहरात 1973 साली चक्क विद्यापीठ निघालं.

अशा भेटीगाठींनी आयुष्य वाढतं का? ज्युलियन होल्ट-लनस्टॅड यांनी 2010 साली 148 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांवर माणसं होती. ज्यांचे लागेबांधे घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त निघाली. हा फरक सिगारेट सोडण्याच्या फायद्याच्या तोडीचा आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात पंचाहत्तरीपुढच्या 469 जणांचा अभ्यास झाला, तो 2003 साली प्रसिद्ध झाला. वाचणाऱ्या, पटावरचे खेळ खेळणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या आणि नाचणाऱ्या माणसांत स्मृतिभ्रंश कमी दिसला. अर्थात ज्याचं डोकं तल्लख तोच पटावर बसतो, असंही असू शकतं. अशा अभ्यासांतून कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे पुरतं सुटत नाही.

एक गोष्ट मात्र प्रयोगशाळेशिवाय कळते. नोकरी सुटली की पगारापेक्षा हजेरीबुक जास्त आठवतं. आपण आलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात येत होतं, ते बंद होतं. सरकार दर नोव्हेंबरला पेन्शनराकडून हयातीचा दाखला मागतं. मंडळ तो रोज संध्याकाळी मागतं, आणि तोही वऱ्हाडीत: "काहून बा, काल नाही आले?" दोन दिवस जागा रिकामी दिसली की तिसऱ्या दिवशी कुणीतरी दारात येतंच.

या सतरंजीवर एक उणीव मात्र नजरेत भरते. घरातल्या आजी अजून चुलीपाशीच असतात. त्यांना ना निवृत्तीचं वय, ना निरोप समारंभ. महिलांची भजनी मंडळं जिल्ह्यात आहेत, खंजिरी स्पर्धांतही उतरतात. तेव्हा आजोबांना मंडळात पाठवताना आजींनाही तासभराची सुट्टी द्या, त्या वेळचा चहा दुसऱ्या कुणीतरी करावा.

आणि पहिल्याच आठवड्यात "तिथं काही मन रमत नाही" म्हणून परत फिरू नका. सात महिने द्या. गुढीपाडव्याला बसायला लागलात, तर दिवाळीच्या फराळाला बोलावणारी माणसं तयार झालेली असतील.