दोन धर्मग्रामांची माणसं

लेखमाला : परगावची वेदी (भाग ७)

बंगळुरूच्या बीटीएम लेआउटमधलं एक पीजी. दुसऱ्या मजल्यावर तीन खाटांची खोली. त्यातल्या खिडकीकडच्या खाटेवर वसईजवळच्या नंदाखालचा एक मुलगा राहतो. आईनं दिलेलं येशूच्या पवित्र हृदयाचं छोटं चित्र त्यानं स्विचबोर्डाच्या वर सेलोटेपनं चिकटवलंय. भिंतीला खिळा ठोकायची मालकांची परवानगी नाही. चित्राचा एक कोपरा सारखा सुटतो आणि तो येता-जाता अंगठ्यानं दाबून बसवतो.

मी त्याला विचारलं, "तुझा धर्मग्राम कोणता?"

"नंदाखाल."

"अरे, इथला?"

तो जरा थांबला. "इथे मी मिस्सेला जातो. धर्मग्राम नाही मला इथे."

या आठवड्याचा विषय त्याच्या या वाक्यातच आहे. मुलं देवळात येत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. हा मुलगा येतो. रात्रपाळी संपवून रविवारी सकाळच्या इंग्रजी मिस्सेला येतो, मागच्या दारापाशी उभा राहतो, कम्युनियन घेतो आणि शेवटचं गीत संपायच्या आत बाहेर पडतो. दीड वर्षात त्याचं नाव तिथं कुणी विचारलेलं नाही.

चर्चचा कायदा मात्र त्याला परका मानत नाही, हे फार थोड्या मुलांना ठाऊक असतं. 1983 च्या कॅनन कायद्यानुसार माणसाला कायमचं वास्तव्य असतं तसं तात्पुरतंही असतं. एखाद्या ठिकाणी निदान तीन महिने राहण्याच्या इराद्यानं तुम्ही आलात, किंवा प्रत्यक्षात तीन महिने राहिलात, की ते तात्पुरतं वास्तव्य सिद्ध होतं. नाव नोंदवलं की नाही, वर्गणी भरली की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्या हद्दीतले धर्मगुरू तुमचे धर्मगुरू होतात आणि तुमची जबाबदारी त्यांच्यावर येते. गावचं नातंही तुटत नाही, कारण परतायचा इरादा असेपर्यंत तिथलं वास्तव्य कायम राहतं. म्हणजे नंदाखालच्या या मुलाला आज दोन धर्मग्राम आहेत. त्याला त्यातला एकच माहीत आहे.

मग अडतं कुठे? बऱ्याच ठिकाणी ते ऑफिसातल्या फॉर्मपाशी अडतं. धर्मग्राम माणसं मोजतो ती कुटुंबागणिक. कुटुंबप्रमुखाचं नाव, पत्नीचं नाव, मुलांचे संस्कार कधी झाले, घराचा पत्ता. पीजीतल्या खाटेला कुटुंबप्रमुख नसतो. मी स्वतः तरुणपणी परगावी नोकरीला गेलो, तेव्हा एका ऑफिसात मला "लग्न झालं की या, मग कार्ड करू" असं सांगण्यात आलं होतं. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पुढची चार वर्षं मी त्या ऑफिसाची पायरी चढलो नाही.

असा मुलगा मग तीर्थस्थानाकडे वळतो. विवेकनगरच्या बाळ येशूच्या देवळात गुरुवारी जाऊन पाहा, रांगेत तरुण चेहरे किती दिसतात! शिवाजीनगरच्या सेंट मेरीज बॅसिलिकात 29 ऑगस्टला झेंडा चढतो आणि 8 सप्टेंबरला मरियामातेचा रथ निघतो. नऊ दिवस भगव्या साड्यांची आणि सदऱ्यांची दाटी असते. 1973 मध्ये बॅसिलिकाचा दर्जा मिळालेल्या या देवळासमोर वसईच्या मुलीला वांद्र्याच्या मोतमाऊलीची जत्रा आठवली नाही तरच नवल. ही श्रद्धा खरी आहे आणि तिला कमी लेखणं मला मान्य नाही. पण गर्दीत कुणी कुणाला ओळखत नाही. पुढच्या गुरुवारी तुम्ही आला नाहीत, तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मागच्या भागात आपण मुंबईतल्या गोंयकारांच्या कुडी पाहिल्या. धोबी तलावच्या त्या दालनांत भिंतीलगत ट्रंका, समोर गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हटलेली जपमाळ. जहाजावरून उतरलेला तारवटी मुंबईत आला तरी गावच्या धर्मग्रामातच झोपत असे. पीजीत असं काही नाही. तिथल्या तीन खाटांवरची मुलं तीन राज्यांतली, तीन शिफ्टमधली.

केरळच्या सिरो-मलबार मुलांची परिस्थिती थोडी बरी आहे. कायदा सहसा हद्दीप्रमाणे धर्मग्राम मानतो, पण उपासनाविधी किंवा भाषा यांच्या आधारावरही तो स्थापता येतो. शिवाय 2015 मध्ये मंड्याच्या सिरो-मलबार धर्मप्रांताची हद्द बंगळुरूपर्यंत वाढवण्यात आली. आपली मुलं लॅटिन विधीची, त्यामुळे पीजी ज्या हद्दीत तोच त्यांचा धर्मग्राम. झारखंडहून आलेल्या, घरकाम किंवा वॉचमनची नोकरी करणाऱ्या मुलामुलींचंही तसंच. त्यांना तर रविवारची सुट्टी मिळेलच असंही नाही.

बेळगाव-खानापूरच्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी. शुक्रवारी रात्रीची बस धरायची, रविवारची मिस्सा गावात ऐकायची, रात्री पुन्हा बस. आईवडील खूश असतात. पण लग्न होऊन बंगळुरूतच घर केलं, की बस बंद होते आणि इथे तर ओळख झालेलीच नसते. गावाला धरून ठेवण्याच्या नादात दुसरा धर्मग्राम हातचा जातो.

मराठी मिस्सा सुरू केली तर? महिन्यातून एकदा जरूर व्हावी. लहानपणापासून ज्या भाषेत प्रार्थना केली, तिच्यात गुडघे टेकण्याचं सुख वेगळंच. मात्र तेवढ्यावर थांबू नये. बंगळुरूच्या महाधर्मप्रांतानं कन्नड, तमिळ, कोकणी यांवरून झालेले तंटे सोसले आहेत. पाहुण्यांनी आपापली चूल मांडली की यजमानाचं मन दुखावतं. आपल्या मुलांनी कधीतरी कन्नड मिस्सेलाही बसावं. शब्द कळले नाहीत तरी विधी तोच असतो.

आमंत्रणापेक्षा काम दिलेलं बरं, असं माझं मत आहे. युवा मेळाव्याला मुलगा एकदा येतो. महिन्यातून एका रविवारी वाचनासाठी त्याचं नाव लावलं, तर तो शिफ्ट बदलून येतो. लहान ख्रिस्ती समूहांनी, ज्यांना तमिळ मंडळी अन्बियम म्हणतात, आपल्या गल्लीतली पीजी आपल्या यादीत धरावीत. सभा रात्री नऊला ठेवावी आणि जेवण द्यावं.

आणि गावानंही काही करायला हवं. बंगळुरूत या मुलाचं लग्न लागलं, तर तिथून नंदाखालला कळवावं लागतं आणि त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीपुढे विवाहाची नोंद होते. कायदाच आहे तसा. नव्या गावाकडून जुन्या गावाकडे कागद येतो. जुन्या गावाकडून नव्या गावाकडे काहीच जात नाही, कारण तशी सक्ती नाही. नर्सिंगला, इंजिनिअरिंगला, नोकरीला निघालेल्या मुलामागोमाग आपल्या फादरांनी चार ओळींचं पत्र धाडलं तर? हा अमुक, आमच्याकडे वेदीसेवक होता, तुमच्या हद्दीत राहायला येतोय, याला भेटा.

त्या मुलाला विचारून मी त्याचं नाव, पीजीचा पत्ता आणि रात्रपाळीचे दिवस एका कागदावर लिहिले आणि तिथल्या फादरांच्या हातात दिले. गुरुवारी त्याला कॉयरमधून फोन आला, गिटार वाजवतोस का म्हणून. तो वाजवत नाही. "मग रविवारी साडेसहाला ये," पलीकडची मुलगी म्हणाली, "माइकच्या वायरी ओढायला माणूस हवाय."

तो सव्वासहालाच पोहोचला होता.