विश्लेषण : ताण-थकव्याने हात थरथरतात, पण अहवाल ‘नॉर्मल’… निदान का होत नाही?

मुलाखतीत पाण्याचा ग्लास उचलताना, बँकेत सही करताना किंवा रात्रपाळीनंतर मोबाइलवर टाइप करताना हात थरथरतो. एमआरआय आणि रक्ततपासणी ‘नॉर्मल’ येते. डॉक्टर ‘ताण कमी करा’ सांगतात, घरचे ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणतात. निदानाविना कंपासह जगणाऱ्या अनेकांचा हा अनुभव आहे. पण ‘ताण’ हे निदान नव्हे.

ताण आला की कंप का वाढतो?

निरोगी माणसाच्या हातालाही सूक्ष्म कंप असतो. त्याचा वेग सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा असतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. ताणात अॅड्रेनालिन वाढते आणि हाच कंप दिसू लागतो. थकवा, जागरण, उपाशीपोट, जास्त चहा-कॉफी यांचाही तोच परिणाम होतो. मात्र कंपवात (पार्किन्सन्स) असो वा अन्य कुठला कंप, जवळपास प्रत्येक प्रकार ताणाने वाढतो. त्यामुळे एवढ्या एका लक्षणावरून कारण कळत नाही.

निदानाला वेळ का लागतो?

बहुतेक कंपांसाठी एकच अशी ठोस चाचणी नाही. मेंदूविकारतज्ज्ञ हात स्थिर असताना, पुढे धरल्यावर आणि काम करताना कंप पाहतात. कागदावर चक्राकार रेषा काढायला लावतात. कंपवातात कंप बहुधा एका बाजूने आणि हात विसावलेला असताना सुरू होतो. ‘इसेन्शियल ट्रेमर’मध्ये तो काम करताना दोन्ही हातांना जाणवतो, अनेकदा घरात इतरांनाही असतो. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार इसेन्शियल ट्रेमर म्हणण्यासाठी कंप किमान तीन वर्षे असावा लागतो. म्हणजे काही रुग्णांना लगेच नाव न मिळणे ही डॉक्टरांची चूक नसते.

आधी काय तपासावे?

थायरॉइड, रक्तातील साखर आणि सुरू असलेली औषधे. दम्याचे साल्ब्युटामॉल, फिट्सवरील व्हॅल्प्रोएट, लिथियम, नैराश्यावरील काही गोळ्या यांनी कंप येऊ शकतो. मात्र औषध परस्पर बंद करू नये. चाळिशीच्या आतील रुग्णांत विल्सन्स आजार, म्हणजे शरीरात तांबे साचणे, तपासून पाहतात. तो वेळीच कळला तर उपचार होतात.

मग हे ‘मनाचे खेळ’ आहेत का?

नाही. ‘फंक्शनल’ कंपात लक्ष दुसरीकडे वळले की कंप कमी होतो किंवा त्याची लय बदलते. हे नाटक नसते. हालचालीवरचे मेंदूचे नियंत्रण बिघडलेले असते. त्यावर विशिष्ट फिजिओथेरपीचा उपयोग होतो.

सही, परीक्षा यांचे काय?

आजारपणामुळे सहीच करता येत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार दोन साक्षीदारांसमोर अंगठा उमटवून पैसे काढता येतात. त्यातील एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. परीक्षांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ चा निकाल महत्त्वाचा आहे. ‘रायटर्स क्रॅम्प’ असलेल्या उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिकासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. पण लिहिण्यात अडचण असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन्सचा उल्लेख आहे, इसेन्शियल ट्रेमरचा स्वतंत्र उल्लेख नाही. निदान रखडले की अडचण होते ती इथे.

नाव मिळेपर्यंत काय करावे?

- कंप सुरू असताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांसमोर तो दिसेलच असे नाही.
- झोप, चहा-कॉफी, औषधे, ताण आणि कंपाची वेळ दोन आठवडे लिहून ठेवा.
- कप अर्धाच भरा, जाड पेन वापरा, कोपर टेबलावर टेकवा.
- प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी स्वतःहून घेऊ नका. दम्याच्या रुग्णांना ती धोकादायक ठरू शकते.
- दारूने कंप तात्पुरता कमी झाला, तरी तो उपचार नव्हे.

कंप अचानक सुरू झाला आणि सोबत बोलणे अडखळणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा तोल जाणे असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. एरवी, निदान निश्चित नसले तरी त्रास कमी करणारे उपचार सुरू होऊ शकतात. डॉक्टरांना ‘हे काय आहे?’ इतकेच न विचारता ‘तोवर काय करता येईल?’ हेही विचारावे.