धाब्यावरील साण्याचा काठ : रचना व दुरुस्ती

सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडसारख्या गावांत जुन्या मातीच्या घरांचे छत सपाट असे. त्यास धाबे म्हणतात. तुळयांवर किलचण, त्यावर पाला व सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर, अशी त्याची रचना होय. चुलीचा धूर जावा व उजेड यावा म्हणून त्यात ठेवलेले छिद्र म्हणजे साणे. मातीचा थर येथे खंडित होत असल्याने धाबे बहुधा साण्याच्या काठाशीच गळू लागते. यास्तव काठ वीतभर उंच व बाहेरच्या अंगास उतरता असावा. पावसात साण्यावर झाकण घालावे; मात्र चूल पेटती असता ते बाजूस सारावे.

मृगापूर्वी काठावरील भेगा खरवडून व ओलावून, भुसकट घालून मुरविलेल्या पांढऱ्या मातीने त्या बुजवाव्यात. काळी माती वापरू नये; ती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. सिमेंटचा लेपही हितावह नव्हे. तो मातीशी एकजीव होत नाही. सांध्यातून शिरलेले पाणी त्याखाली कोंडते व किलचण कुजते. मातीची भेग डोळ्यांस दिसते, म्हणून वेळीच बुजविता येते. लेपाखालची कूज मात्र तुळई खचल्यावरच कळते.